गोळी गिळण्याआधी पाकीट वाचा

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दुपारच्या सत्रात मी गुलाबी बोंडअळीवर बोलणार, असे पत्रिकेत छापले आहे. ते पुढच्या बैठकीत बोलू. आज विषय बदलतो, त्याला कारण आहे. सकाळचे सत्र संपले, जेवायला उठा म्हटले, तेव्हा मी इथूनच पाहत होतो. पन्नाशीच्या पुढचा जवळजवळ प्रत्येक माणूस गुडघ्यावर हात रेटून उठला. बाया शेजारणीच्या खांद्याला धरून उठल्या. आणि जेवणानंतर हात धुता धुता कितीजणांनी खिशातून, कमरेच्या पिशवीतून गोळी काढली, तेही पाहिले. माझ्या नजरेला पडले ते अकरा. एका भाऊंना विचारले, "कसली गोळी?" ते म्हणाले, "दुखण्याची." "नाव काय?" "नाव काय माहीत. पांढरी आहे. मेडिकलवाला देतो."

मी डॉक्टर नाही. शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस आहे. पण मात्रा किती, कशात काय मिसळायचे नाही, डब्यावरचे लेबल कसे वाचायचे, हे मी वीस वर्षे तुम्हाला सांगत आलो. कीटकनाशकाच्या डब्यावरचा चौकोन तांबडा असेल तर अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे. गोळीच्या पाकिटावर काय लिहिले आहे, ते मात्र मी स्वतःसुद्धा वाचत नव्हतो. त्याची किंमत माझ्या आईने मोजली. आधी ते सांगतो, म्हणजे मी का बोलतो आहे ते कळेल.

गोळ्या आणून देणारा मीच

आईचे सारे आयुष्य पऱ्हाटीत गेले. निंदण बसून, वेचणी वाकून, ज्वारीची कणसे खुडायची तीही वाकून. साठीला आली तेव्हा गुडघे गेले. मी गावाकडे जाताना शहरातून तिच्यासाठी गोळ्यांचे पाकीट नेत असे. सकाळी एक, संध्याकाळी एक. माय खूश. पोरगा शिकलेला, चांगल्या गोळ्या आणतो, असे साऱ्या गल्लीत सांगायची.

दिवाळीनंतर वेचणी जोरात आली. वेचणीची मजुरी किलोवर. जितका कापूस वेचाल तितके पैसे. दोन गोळ्यांनी भागेना, म्हणून तिने गावातल्या दवाखान्यातून आणखी गोळ्या आणल्या. त्या गुलाबी रंगाच्या, नाव वेगळे. त्याही दोन. तिला वाटले, ही निराळी औषधे आहेत. तीन आठवडे असे चालले. मग एक दिवस धुऱ्यावर चक्कर येऊन पडली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेली. तीन बाटल्या रक्त द्यावे लागले. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होते. चार दिवस डांबरासारखी काळी शी होत होती. लाजेपायी तिने कुणाला सांगितले नव्हते.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटे टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. मला म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले दिसता. वाचा." वरची मोठी नावे वेगवेगळी होती. खाली बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच नाव होते : डायक्लोफेनॅक, ५० मिलिग्रॅम. दोन आणि दोन चार, म्हणजे दिवसाला २०० मिलिग्रॅम. या औषधाची प्रौढ माणसाची दिवसाची वरची हद्द १५० मिलिग्रॅम. बाईंनी विचारले, "ही पहिली पाकिटे कोणी आणली?" मी म्हटले, "मीच."

आई वाचली. नंतर सहा वर्षे जगली. पण एकरी मात्रा दुप्पट करू नका म्हणून गावोगाव सांगत फिरणाऱ्या माणसाच्या घरात मात्रा दुप्पट झाली, हे मी विसरलो नाही.

ही गोळी करते काय

आता जरा विज्ञान. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सांध्यात सूज, वेदना वाढते ती त्यांच्यामुळे. ॲस्पिरिन ही द्रव्ये तयार होऊ देत नाही, हे इंग्लंडमधल्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्या कामासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल मिळाले. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, इंडोमेथासिन, निमेसुलाइड ही सारी ॲस्पिरिनचीच भावंडे. नावे वेगळी, काम तेच.

पण हीच द्रव्ये शरीरात चांगली कामेही करतात. जठराच्या आतले अस्तर आम्लापासून राखतात. शरीरात पाणी कमी पडले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. गोळीला यातले मित्र आणि शत्रू ओळखता येत नाहीत. तुम्हाला हे नवे नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या फवाऱ्यावर फवारे मारले, तेव्हा अळीबरोबर ढालकिडा मेला, क्रायसोपा मेला, आणि पांढरी माशी उफाळली. सांध्याचे दुखणे थांबवणारी गोळी पोटातल्या मित्रांना तसेच मारते.

म्हणूनच एक समज आजच काढून टाका. "गोळीने पोट बिघडते, म्हणून मी सुई घेतो," असे लोक म्हणतात. जखम काही फक्त गोळी जठराला घासल्याने होत नाही. औषध रक्तात गेले की रक्तातूनही तोच परिणाम होतो. सुईने घ्या, नाहीतर गोळीने, पोटाला धोका आहेच. जेवून घेतल्याने मळमळ कमी होते, म्हणून उपाशीपोटी घेऊ नका. पण जेवलो म्हणजे जखम होणारच नाही, असेही नाही. ज्यांना धोका जास्त आहे त्यांना डॉक्टर सोबत ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसारखी गोळी देतात. ती पोट राखते, मूत्रपिंड राखत नाही.

गिधाडे कुठे गेली?

आपल्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकले की तासाभरात गिधाडांचा थवा उतरायचा. आज तुमच्या नातवाने गिधाड पाहिले आहे का? १९९० नंतरच्या काही वर्षांत देशातली गिधाडे शंभरातली नव्वदाहून जास्त गेली. कारण २००४ मध्ये कळले. लंगड्या, तापल्या जनावरांना आपण डायक्लोफेनॅकची सुई देत होतो. ते जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे बंद पडत होती. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. पुढे माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जातात असे दिसले, म्हणून २०१५ मध्ये माणसाच्या सुईची बाटलीही ३ मिलिलिटरचीच ठेवावी असा नियम झाला.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे. एका गोळीने आपले मूत्रपिंड बंद पडत नाही. पण हे औषध मूत्रपिंडावर चालून जाते, एवढे गिधाडांनी आपल्याला शिकवून ठेवले आहे. आणि कोरडवाहूचा शेतकरी एप्रिल-मे महिन्यात वखरणी करताना, काडीकचरा वेचताना काय करतो? सकाळी चहा पिऊन निघतो, एक घागर पाणी चौघांत पुरवतो, घाम गाळतो आणि कंबर धरली म्हणून वर दुखण्याची गोळी घेतो. मूत्रपिंडाला आधीच रक्त कमी, त्यात त्याचा आधार गोळी काढून घेते. हगवण, उलट्या लागल्या असतील, उन्हात दिवसभर घाम गेला असेल, त्या दिवशी ही गोळी घ्यायचीच नाही.

कोणी विचारल्याशिवाय घेऊ नये

आता नीट ऐका. यात तुम्ही बसता का ते पाहा.

ज्याला पूर्वी पोटात अल्सर झाला आहे किंवा रक्त गेले आहे. ज्याचे वय पासष्टच्या पुढे आहे. ज्याचे मूत्रपिंड किंवा यकृत अधू आहे. ज्याला दमा आहे, कारण काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळीने जोराचा दमा उठतो. ज्याला हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांग येऊन गेले आहे. अशा माणसाने डायक्लोफेनॅक तर टाळावेच. रक्त पातळ करणारी गोळी किंवा स्टेरॉइड चालू असलेला. रोज दारू घेणारा. आणि गरोदर बाई : पाच महिन्यांच्या पुढे तर या गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला बाधतात.

ब्लडप्रेशरवाल्यांनी जास्त सावध राहावे. एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांपैकी एखादी गोळी, सोबत लघवी वाढवणारी पाण्याची गोळी, आणि त्यावर दुखण्याची गोळी. ही तीन एकत्र आली की मूत्रपिंड अडचणीत येते. म्हणून ब्लडप्रेशरची गोळी सोडू नका! सोडायची असेल तर दुखण्याची सोडा आणि डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मनाने आयबुप्रोफेन घेतली, तर ॲस्पिरिनचे काम अडते आणि पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त माणसे विषबाधेने गेली. दोन-तीन औषधे एका पंपात कालवू नका, हे त्यानंतर आपण सभासभांतून सांगितले. पोटाच्या पंपालाही तोच नियम आहे.

पावसाळ्यात आणखी एक सांभाळा. ताप आला, अंग मोडून आले, तर पहिले काही दिवस डेंग्यू नाही असे कळेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन काही घेऊ नका. डेंग्यूत रक्त जाण्याची भीती असते, ती या गोळ्या वाढवतात. तापाला पॅरासिटामॉल पुरे. निमेसुलाइड लहान लेकराला देऊ नका. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ती २०११ पासून बंद आहे.

पुडीतले भूत

बाजाराच्या दिवशी, जत्रेत सांधेदुखीच्या पुड्या मिळतात. "जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही." खाल्ल्यावर दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. जी जडीबुटी दोन दिवसांत पळवते, तिच्यात दुसरेच काही असण्याचा संशय घ्या. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडे मिसळलेली पुष्कळदा सापडली आहेत. भूक वाढते, तोंड गोल होते, लोक म्हणतात तब्येत सुधारली. आतून साखर वाढते, प्रेशर वाढते, हाडे पोकळ होतात.

पण ज्यांनी अशी पुडी आठवडेच्या आठवडे खाल्ली आहे, त्यांनी माझे भाषण ऐकून ती आज एका झटक्यात बंद करू नये. शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवायचे विसरलेले असते. एकदम सोडले तर माणूस कोसळतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू उतरवतील.

दुखणे कोणते, ते आधी ओळखा

पिवळे पडलेले प्रत्येक पान नत्राच्या कमतरतेने पिवळे नसते. सांध्याचेही तसेच.

चढता-उतरताना, उठता-बसताना दुखते, सकाळी थोडे आखडते आणि दहा-पंधरा मिनिटांत मोकळे होते, ती बहुधा झीज. आपल्यातल्या बहुतेकांची हीच. सकाळी दोन्ही हातांची बोटे, मनगटे तासभर आखडून राहतात, सुजतात, तो आमवात असू शकतो. तो बायांना जास्त होतो. नुसत्या दुखण्याच्या गोळीने तो थांबत नाही, आत सांधा खात राहतो. त्याला वेगळी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू झाली तर हात वाचतो. त्यातले मेथोट्रेक्सेट हे औषध या दुखण्यात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जीव जातो. घरी दारामागे वार लिहून ठेवा.

रात्रीतून पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, पांघरूण लागले तरी कळ येते, तर ते वातरक्त. आणि एकच सांधा गरम, सुजलेला, सोबत ताप, तर तो सांध्यात पू झाल्याचा प्रकार असू शकतो. त्यात घरी एक रात्रही काढू नका.

मग करायचे काय?

तुम्ही म्हणाल, सगळे बंद केले, आता दुखणे घेऊन बसायचे का? नाही. ही औषधे वाईट नाहीत. नीट वापरली तर उपयोगाची आहेत. क्रम मात्र उलटा लावू नका.

पहिले काम मांडीचे. मांडीचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. स्टुलावर बसा, एक पाय समोर सरळ करा, मांडी आवळा, सावकाश दहा अंक मोजा, खाली ठेवा. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. रोज दोनदा. पैसा लागत नाही. महिना-दोन महिने नेटाने करावे लागते. वजन जास्त असेल तर उतरवा. काठी धरायची लाज सोडा, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरा.

दुसरे काम शेतातले. उकिडवे बसून निंदण करणे गुडघ्याला सर्वांत जड. ओळीतले तण सायकल कोळप्याने उभ्याने निघते, बुडाशी राहिलेल्यापुरतेच बसा. वेचणीचा भरलेला झोला गळ्यात ओढत फिरू नका, अर्धा झाला की धुऱ्यावर रिकामा करा. नांगराचा फाळ झिजला तर आपण त्याची किंमत खर्चात धरतो. घरच्या बाईचा गुडघा झिजला तर तो कोणत्या वहीत धरला?

तिसरे, मलम. गुडघा आणि हाताच्या झिजेसाठी डायक्लोफेनॅकचे जेल वरून लावले तर गुण येतो आणि रक्तात फार थोडे जाते. जखमेवर लावू नका, लावल्यावर हात धुवा. पोटातून त्याच जातीची गोळी चालू असताना मलमाचा मारा करू नका.

चौथे, पॅरासिटामॉल. सूज उतरवत नाही, झिजेच्या दुखण्यात गुणही थोडाच येतो, पण पोटाला, मूत्रपिंडाला सौम्य. प्रौढाने ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, मध्ये किमान चार-सहा तास, आणि २४ तासांत आठ गोळ्यांच्या वर कधीही नाही. दारू घेणारा, कावीळ झालेला, अगदी किडकिडीत माणूस यांनी त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. आणि "ॲसिक्लो-पॅरा", "डायक्लो-पॅरा" अशा जोडगोळीत पॅरासिटामॉल आधीच असते, ते हिशेबात धरा.

एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांनी दिलेली सूज उतरवणारी गोळी. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, एका वेळी एकच जात, जेवून, भरपूर पाणी पिऊन. दुखत असेल तेव्हा. दुखू नये, जास्त कापूस वेचता यावा म्हणून आधीच खाल्लेली गोळी म्हणजे सांध्याची तक्रार दाबून त्याला कामाला जुंपणे. दुखरा बैलसुद्धा आपण तसा जुंपत नाही.

"नवी महाग गोळी पोटाला धरत नाही," असे कोणी सांगेल. १९९९ मध्ये रोफेकॉक्सिब अशीच वाजतगाजत आली. तिने हृदयविकार वाढतात असे दिसले आणि २००४ मध्ये ती बाजारातून गेली. नवी, महाग म्हणून निर्धोक, असे बियाण्यातही नसते आणि गोळीतही नसते.

ज्यांना महिनोन्महिने गोळी घ्यावीच लागते, त्यांनी ब्लडप्रेशर, हिमोग्लोबिन आणि रक्तातले क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यावे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून विनाशुल्क झाले आहेत. तिथे जा आणि हक्काने मागा.

आणि या खुणा दिसल्या तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा : डांबरासारखी काळी, चिकट शी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पायावर सूज, लघवी कमी, छातीत दुखणे, धाप, अंगावर पुरळ, तोंड सुजणे. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ते ठरवू द्या डॉक्टरांना. लाजू नका. माझी आई लाजली होती.

मायबहिणींनो, भावांनो, शेवटी एकच काम देतो. आज घरी गेलात की गोळ्यांचा डबा बाजेवर उपडा करा. शाळेत जाणाऱ्या पोराला, सुनेला शेजारी बसवा. प्रत्येक पाकिटावरचे मोठे नाव सोडा, खालचे बारीक अक्षरातले नाव वाचायला सांगा आणि वहीत लिहा. एकच नाव दोन पाकिटांवर निघाले, तर एक पाकीट बाजूला काढा. मुदत संपलेली गोळी, अर्धवट फाटलेले, नाव गेलेले पाकीट टाकून द्या. ती वही डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. पुढच्या बैठकीलाही आणा. बोंडअळीच्या आधी आपण त्या वह्या पाहू.

एवढे सांगून थांबतो. उठताना सावकाश उठा.